थांबण्याचा हक्क

निवृत्ती हा शब्द आपल्या मध्यमवर्गीय जीवनात वयाशी जोडला गेलेला आहे. ठरावीक वर्षे सेवा झाली, ठरावीक वय उलटले, की निरोपसमारंभ होतो, शाल-श्रीफळ दिले जाते आणि दुसऱ्या दिवसापासून हजेरीपटावरून नाव निघते. कधी थांबावयाचे हा प्रश्न शिक्षकाला किंवा कारकुनाला सहसा स्वतः सोडवावा लागत नाही; सेवानियमांनी तो त्याच्यासाठी आधीच सोडवून ठेवलेला असतो. परंतु ज्या व्यवसायात शरीर हेच भांडवल असते आणि त्या भांडवलाची झीज दररोज डोळ्यांदेखत होत असते, तेथे हा प्रश्न फार लवकर आणि फार तीव्रतेने उभा राहतो. व्यावसायिक खेळाडूचा व्यवसाय असा आहे. ऐन उमेदीत एखादा नामवंत खेळाडू निवृत्तीचा विचार करू लागला की प्रेक्षक चकित होतात, वृत्तपत्रे तर्क लढवू लागतात आणि थोड्याच दिवसांत त्याच्या धैर्याविषयी शंका घेतली जाऊ लागते. तो का थांबू इच्छितो, याची चौकशी करण्याऐवजी त्याला थांबण्याचा अधिकारच काय, असा सूर निघतो. या सुरामागे अर्थशास्त्राचा एक जुना प्रश्न दडलेला आहे. माणसाच्या अंगच्या कौशल्याचा मालक कोण? तो माणूस, की ते कौशल्य विकत घेणारा?

या प्रश्नाचा विचार करताना कॅनडातील टेरी सॉचुक या हॉकीपटूचे चरित्र वारंवार डोळ्यांपुढे येते. हॉकी म्हटले की आपल्याला ध्यानचंद आठवतात, हिरवे मैदान आणि १९३६चे बर्लिन आठवते. ती हॉकी हौशी खेळाडूंची होती. ध्यानचंदांचा चरितार्थ सैन्याच्या वेतनावर चालत असे. कॅनडा आणि अमेरिकेतील हॉकी बर्फावर खेळली जाते. चेंडूऐवजी तेथे सुमारे १७० ग्रॅम वजनाची टणक रबरी चकती असते, आणि तिला पक म्हणतात. पायांत धारदार पट्ट्यांचे बूट घालून खेळाडू बर्फावरून वेगाने सरकतात आणि ती चकती कधीकधी ताशी शंभर मैलांच्या आसपास वेगाने गोलाकडे येते. सहा फूट रुंद आणि चार फूट उंच अशा त्या जाळ्यासमोर जो उभा असतो तो गोलरक्षक. सॉचुक हा या खेळाच्या इतिहासातील सर्वश्रेष्ठ गोलरक्षकांपैकी एक. वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी त्याने निवृत्ती जाहीर केली, त्याबद्दल त्याला पळपुटा ठरविण्यात आले, काही महिन्यांतच तो पुन्हा बर्फावर उतरला आणि पुढे मरेपर्यंत तो खेळतच राहिला.

विनिपेगचा मुलगा

सॉचुकचा जन्म २८ डिसेंबर १९२९ रोजी मॅनिटोबा प्रांतातील विनिपेग या शहरी झाला. वडील युक्रेनी वंशाचे. लहानपणीच कॅनडात आलेले आणि पत्र्याचे काम करून संसार चालविणारे. घरात चार मुलगे आणि एक मुलगी. त्यांपैकी एक मुलगा लहानपणीच लोहितज्वराने दगावला. मिच हा थोरला भाऊ गोलरक्षक म्हणून खेळत असे आणि टेरीचा तो आदर्श होता. तो सतरा वर्षांचा असताना हृदयविकाराने गेला. टेरी तेव्हा दहा वर्षांचा होता. भावाची पायांना बांधावयाची गोलरक्षकाची पॅडे त्याच्या वाट्याला आली आणि त्यांबरोबर गोलरक्षकाची जागाही आली.

बाराव्या वर्षी फुटबॉल खेळताना त्याच्या उजव्या कोपराला जबर दुखापत झाली. घरी मार बसेल या भीतीने त्याने ती लपविली. निखळलेला सांधा वेळीच बसविला न गेल्यामुळे तो हात डाव्या हातापेक्षा काही इंच आखूड राहिला आणि पुरता हलेनासाही झाला. पुढे त्या कोपरावर तीन शस्त्रक्रिया झाल्या. वेदना सांगितली तर शिक्षा होईल, ही बालपणीची भीती होती. दुर्दैवाने तो ज्या व्यवसायात शिरला त्या व्यवसायानेही त्याला हाच धडा पुन्हा दिला.

शाळा शिकत असतानाच पत्र्याच्या कारखान्यातर्फे बेकरीच्या भट्ट्यांवर धुराडी बसविण्याचे काम तो करीत असे. चौदाव्या वर्षी डेट्रॉइट रेड विंग्ज या संघाच्या हेराची नजर त्याच्यावर पडली. १९४६मध्ये संघाने त्याला ऑन्टॅरिओतील गॉल्ट येथे आपल्या कुमारसंघात पाठविले आणि १९४७मध्ये व्यावसायिक करारावर त्याची सही घेतली. तेव्हा तो अठराही वर्षांचा झाला नव्हता. शिक्षण अकरावीच्या आसपास थांबले. दुसरा कोणताही व्यवसाय त्याच्या हाती नव्हता, ही गोष्ट त्याच्या पुढील आयुष्याचा हिशेब मांडताना लक्षात ठेवावी लागते.

सहा संघ, सहा जागा

नॅशनल हॉकी लीग ही उत्तर अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धा. १९४२पासून १९६७पर्यंत तीत अवघे सहा संघ होते: माँट्रियल, टोरोंटो, डेट्रॉइट, शिकागो, बोस्टन आणि न्यूयॉर्क. या सहांपैकी एकाहून अधिक संघांत नॉरिस या एकाच धनाढ्य कुटुंबाचे हितसंबंध गुंतलेले होते. प्रत्येक खेळाडूच्या करारात राखीव हक्काचे एक कलम असे. त्याचा व्यवहारातील अर्थ असा, की एका संघाशी करार केला की खेळाडूवर त्या संघाचा हक्क कायमचा राहत असे. मुदत संपली म्हणून त्याला दुसऱ्या संघाकडे जाता येत नसे. संघ मात्र त्याला हवे तेव्हा विकू शके किंवा अदलाबदलीत देऊ शके. विक्रेते अनेक आणि खरेदीदार एकच असा बाजार अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत कल्पिलेला असतो. येथे तो प्रत्यक्षात होता.

त्यातही गोलरक्षकाची स्थिती सर्वांत बिकट होती. त्या काळी प्रत्येक संघ एकच गोलरक्षक बाळगीत असे. म्हणजे साऱ्या लीगमध्ये या व्यवसायाच्या नोकऱ्या सहा! एखाद्याने दुखापतीमुळे जागा सोडली तर खालच्या स्पर्धांतील दुसरा कोणी ती पटकावण्यास टपलेलाच असे. सॉचुकला ही गोष्ट कोणी सांगावयाची गरज नव्हती, कारण त्याला जागा मिळाली ती अशीच. जानेवारी १९५०मध्ये डेट्रॉइटचा गोलरक्षक हॅरी लमली जायबंदी झाला आणि सात सामन्यांसाठी सॉचुकला बोलाविण्यात आले. त्याच वर्षी लमलीने डेट्रॉइटला मानाचा स्टॅन्ली चषक मिळवून दिला. तरीही उन्हाळ्यात त्याला शिकागोकडे धाडून संघाने ही जागा तरुण सॉचुकला दिली.

या तरुणाने केलेली कामगिरी थक्क करणारी होती. १९५०-५१च्या पहिल्या पूर्ण हंगामात तो सत्तरच्या सत्तर सामने खेळला आणि सर्वोत्कृष्ट नवोदित ठरला. पुढील वर्षी पुन्हा सत्तर सामने. १९५२च्या स्टॅन्ली चषकाच्या अंतिम फेऱ्यांत डेट्रॉइटने आठही सामने जिंकले. या आठ सामन्यांत मिळून त्याच्यावर केवळ पाच गोल झाले आणि चार सामन्यांत एकही झाला नाही. पाच हंगामांत त्याने ५६ सामने शून्य गोलांवर रोखले, संघाने १९५२, १९५४ आणि १९५५ असे तीन चषक जिंकले आणि गोलरक्षकांसाठी असलेले वेझिना पारितोषिक त्याला तीनदा लाभले.

या यशाची किंमत त्याचे शरीर आणि मन चुकवीत होते. १९५१च्या हंगामापूर्वी संघाचे व्यवस्थापक जॅक अ‍ॅडम्स यांनी त्याला वजन उतरविण्याचा हुकूम केला. त्याने चाळीस पौंडांहून अधिक वजन घटविले, आणि पूर्वीचा हसतमुख मुलगा अबोल व तुसडा झाल्याचे त्याच्या भोवतालच्यांना जाणवू लागले. गेलेले वजन भरून काढण्यासाठी तो पुढे कित्येक वर्षे झगडत होता. तोंडावर मुखवटा नाही, पाठीशी बदली खेळाडू नाही, आणि प्रत्येक चूक हजारो प्रेक्षकांसमोर दिव्यांच्या झगमगाटात मोजली जाणार, अशी ती नोकरी होती. चेहऱ्यावर पडलेल्या टाक्यांची संख्या कालांतराने चारशेच्या घरात गेली. त्यांपैकी तीन तर उजव्या डोळ्याच्या बुबुळावर होते. सतत वाकून उभे राहिल्यामुळे पाठीच्या कण्याला कायमची बाक आली आणि सलग दोन तासांपेक्षा अधिक झोप लागणे त्याला अशक्य झाले.

१९५७चा जानेवारी

१९५५मध्ये डेट्रॉइटने तिसरा चषक जिंकला आणि त्यानंतर काही आठवड्यांतच सॉचुकला बोस्टन ब्रुइन्सकडे देऊन टाकले. कारण सरळ होते. खालच्या स्पर्धेत ग्लेन हॉल नावाचा आणखी तरुण गोलरक्षक तयार झाला होता. लमलीच्या बाबतीत जे घडले तेच पाच वर्षांनी सॉचुकच्या बाबतीत घडले. व्यवहाराच्या दृष्टीने यात वावगे काही नव्हते. परंतु ज्याच्यावर तो गुदरला त्याला तो सोसवला नाही. आपण कोठे कमी पडलो, हा प्रश्न त्याला छळू लागला.

बोस्टनमधील दुसऱ्या हंगामात, १९५६च्या अखेरीस, त्याला मोनोन्यूक्लिओसिसचा विकार जडला. हा विकार माणसाला दीर्घकाळ शक्तिहीन करून सोडतो आणि विश्रांतीवाचून त्याला उतार पडत नाही. सॉचुक अवघ्या दोन आठवड्यांत पुन्हा जाळ्यासमोर उभा राहिला. अंगात त्राण नव्हते, खेळ बिघडू लागला, मन पार खचले. अखेर जानेवारी १९५७मध्ये त्याने संघ सोडला आणि निवृत्ती जाहीर केली. वय सत्तावीस.

यावर जी प्रतिक्रिया उमटली ती त्या काळाची साक्ष देते. संघाच्या अधिकाऱ्यांनी आणि अनेक वृत्तपत्रांनी त्याला पळपुटा ठरविले. वेदना सोसून खेळणे हा पुरुषार्थ आणि ती सहन होत नाही असे कबूल करणे हा भ्याडपणा, असे समीकरण रूढ होते. वस्तुतः मनावरील हा ताण एकट्या सॉचुकची दुर्बलता नव्हती, तर त्या जागेचाच धर्म होता. माँट्रियलच्या बिल डर्नन याने सात हंगामांत सहा वेळा वेझिना पारितोषिक मिळविले होते. त्यानेही १९५०मध्ये, स्पर्धा निर्णायक अवस्थेत असताना, मनावरील ताण असह्य होऊन आपली जागा सोडली आणि तो पुन्हा परतला नाही. त्याच्या जागी आलेल्या जेरी मॅकनील याची कथा तर अधिक बोलकी आहे. १९५४च्या अंतिम फेरीत सातव्या सामन्यातील जादा वेळेत माँट्रियलच्याच बचावपटूच्या हातमोज्याला लागून पक त्याच्या जाळ्यात गेला आणि चषक डेट्रॉइटला मिळाला. पुढील हंगामात मॅकनील खेळलाच नाही. त्या रात्री समोरच्या जाळ्यात विजयी गोलरक्षक म्हणून उभा होता टेरी सॉचुक. तीनच वर्षांनी त्याच्यावर तीच वेळ आली.

एकाच जागेवरची तीन कर्तबगार माणसे सात वर्षांच्या आत एकाच कारणाने खचतात, तेव्हा दोष माणसांत शोधावयाचा की कामाच्या अटींत, हे ठरविण्यास अर्थशास्त्राचे फारसे ज्ञान लागत नाही. कारखान्यातील एकाच यंत्रावर तीन कामगार जायबंदी झाले तर आपण ते यंत्र तपासतो.

काम सोडले, मालकी सुटली नाही

सॉचुकच्या निवृत्तीचा उत्तरार्ध अधिक उद्बोधक आहे. त्याने खेळणे थांबविले. तथापि त्याच्यावरील बोस्टनचा हक्क संपला नाही. तो दुसऱ्या कोणत्याही संघाकडे जाऊन, तुमच्याकडे मी अधिक सुखाने खेळेन, असे म्हणू शकत नव्हता. पुन्हा खेळावयाचे तर बोस्टनसाठी, नाहीतर बोस्टन ज्याला विकील त्याच्यासाठी. १९५७च्या उन्हाळ्यात डेट्रॉइटला तो परत हवा होता. त्याच्या बदल्यात डेट्रॉइटने जॉनी ब्युसिक हा तरुण आघाडीपटू बोस्टनला दिला. हा ब्युसिक पुढे एकवीस हंगाम बोस्टनकडून खेळला आणि त्या संघाच्या थोर खेळाडूंत गणला गेला.

या व्यवहाराकडे जरा हिशेबनिसाच्या दृष्टीने पाहावे. ज्या माणसाला संघाने पळपुटा म्हणून हिणविले, ज्याने काम सोडल्याचे जाहीर केले, तोच माणूस संघाच्या जमाखात्यात मालमत्ता म्हणून शिल्लक होता आणि त्याची भरपूर किंमत वसूल झाली. या व्यवहारात सॉचुकची बाजू मांडणारे कोणी नव्हते. तो ज्या गावी सुखी होता तेथे त्याला परत जावयास मिळाले हे खरे. परंतु ते दोन मालकांच्या सोयीने मिळाले. आपल्याकडच्या नोकरदाराची राजीनाम्यानंतर निदान सुटका तरी होते. येथे राजीनामा देऊनही माणूस विकला जाऊ शकत होता.

सॉचुकने बोस्टन सोडले त्यानंतर जेमतेम महिन्याने, फेब्रुवारी १९५७मध्ये, खेळाडूंनी आपली संघटना स्थापन केल्याची घोषणा केली. तिचे म्होरके होते माँट्रियलचा डग हार्वी आणि सॉचुकचा डेट्रॉइटमधील जुना सहकारी टेड लिंडसे. निवृत्तिवेतनाच्या निधीत खेळाडू दरवर्षी आपल्या पगारातून ९०० डॉलर भरत होते, मात्र त्या निधीचा हिशेब त्यांना पाहावयास मिळत नव्हता. संघटनेचा एक महत्त्वाचा आग्रह या हिशेबाचा होता. मालकांचे उत्तर तत्पर होते. त्याच उन्हाळ्यात लिंडसेला शिकागोकडे पाठविण्यात आले. नोव्हेंबरमध्ये डेट्रॉइटच्या खेळाडूंनीच संघटनेतून अंग काढून घेतले. सॉचुक तोवर त्याच संघात परतला होता. सहा मालकांच्या बाजारात एकाची गैरमर्जी म्हणजे सहाही दरवाजे बंद, हे प्रत्येक खेळाडू जाणून होता. त्यामुळे या माघारीबद्दल त्यांना दोष देणे सोपे असले तरी न्याय्य होणार नाही.

फेब्रुवारी १९५८मध्ये न्यायालयाबाहेर तडजोड झाली आणि संघटना विसर्जित झाली. तिच्या पदरात जे पडले त्यात ७,००० डॉलरचे किमान वेतन होते, निवृत्तिवेतनात आणि रुग्णालयाच्या खर्चात वाढ होती, आणि आणखी एक कलम होते: दुखापतीनंतर आपण खेळण्यास समर्थ आहोत की नाही याचा निर्णय यापुढे खेळाडू स्वतः करील. सॉचुक आजारी अंगाने दोन आठवड्यांत बर्फावर उतरला त्याला जेमतेम वर्ष झाले होते. जी गोष्ट त्याने एकट्याने बोलून दाखविली तेव्हा भ्याडपणा ठरली होती, तीच संघटित रीतीने मागितली गेली तेव्हा कराराचे कलम झाली. श्रमिकांच्या चळवळीचे मर्म याहून थोडक्यात सांगता यावयाचे नाही.

न संपणारा खेळ

यानंतर सॉचुक तेरा हंगाम खेळला. १९५९मध्ये माँट्रियलच्या जाक प्लांट याने प्रशिक्षकाची नाराजी पत्करून सामन्यात मुखवटा वापरावयास आरंभ केला. सॉचुकने तो १९६२मध्ये स्वीकारला. जानेवारी १९६४मध्ये त्याने ९५ वा सामना शून्य गोलांवर रोखून जॉर्ज हेन्सवर्थचा जुना विक्रम मोडला. त्याच वर्षी डेट्रॉइटला पुन्हा एक तरुण गोलरक्षक गवसला, सॉचुकला संरक्षित यादीतून वगळण्यात आले आणि टोरोंटोने त्याला उचलले. तेथे त्याने आणि त्याच्याहूनही वयस्क अशा जॉनी बोवरने जागा वाटून घेतली. दोघांना मिळून १९६५चे वेझिना पारितोषिक देण्यात आले. दोन गोलरक्षक बाळगावे लागतील हा नियम लीगमध्ये याच सुमारास आला. भार वाटून घेतला तर माणूस अधिक काळ टिकतो, हे कळावयास मालकांना दोन दशके लागली.

२ मे १९६७ रोजी टोरोंटोने माँट्रियलला हरवून स्टॅन्ली चषक जिंकला. जाळ्यात सदतीस वर्षांचा सॉचुक उभा होता. थांबण्यासाठी याहून अधिक शोभिवंत मुहूर्त कोणता? परंतु पत्नी आणि सात मुलांचा संसार होता, हाती दुसरा व्यवसाय नव्हता, आणि त्याच उन्हाळ्यात लीगने संघांची संख्या सहावरून बारा केली होती. नव्या संघांसाठी झालेल्या निवडीत लॉस एंजेलिसने सर्वांत प्रथम त्याचीच निवड केली. ज्या बाजारात इतकी वर्षे सहाच जागा होत्या तेथे मागणी एकाएकी वाढली ती त्याचे शरीर थकल्यावर. लॉस एंजेलिसनंतर पुन्हा डेट्रॉइट, मग न्यूयॉर्क. अखेरच्या हंगामात तो केवळ आठ सामने खेळला. १९६९मध्ये घटस्फोट झाला होता. मद्यपान वाढले होते. मनाला ग्रासून राहिलेल्या औदासीन्यावर इलाज करावा असे त्याच्या व्यवसायात कोणाला वाटत नव्हते.

एप्रिल १९७०च्या अखेरीस, हंगाम संपल्यावर, लाँग आयलंड येथील भाड्याच्या घराच्या खर्चावरून एका सहखेळाडूशी त्याची बाचाबाची झाली. झटापटीत पडून पोटाला आतून गंभीर इजा झाली. शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया झाल्या. ३१ मे १९७० रोजी न्यूयॉर्कच्या रुग्णालयात फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून त्याचा मृत्यू झाला. घडल्या प्रकाराची जबाबदारी त्याने स्वतःवर घेतली होती, आणि चौकशीअंती मृत्यू अपघाती ठरविण्यात आला. वय चाळीस. पुढील वर्षी नेहमीची प्रतीक्षेची अट शिथिल करून हॉकीच्या सन्मानमंदिरात त्याचे नाव कोरण्यात आले. ९७१ सामने, ४४७ विजय आणि शून्यावर रोखलेले १०३ सामने एवढी त्याची शिल्लक. विजयांचा विक्रम २०००पर्यंत आणि शून्य गोलांचा विक्रम डिसेंबर २००९पर्यंत अबाधित होता.

पुढे काय बदलले

सॉचुकच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी, १९७२मध्ये, लीगला प्रतिस्पर्धी असलेली दुसरी व्यावसायिक स्पर्धा सुरू झाली. त्याच वर्षी अमेरिकेतील न्यायालयाने राखीव हक्काच्या कलमाच्या अंमलबजावणीस मनाई केली. शिकागोचा सुप्रसिद्ध आघाडीपटू बॉबी हल जुना संघ सोडून नव्या स्पर्धेत गेला आणि केवळ करारावर सही करण्यासाठी त्याला दहा लाख डॉलर मिळाले. तो ज्या शहराच्या संघाकडे गेला ते शहर विनिपेग होते. पत्रेकाम करणाऱ्याचा मुलगा जेथून सतराव्या वर्षी सही देऊन बांधला गेला होता, त्याच गावाने खेळाडूंचे वेतन खुल्या स्पर्धेवर आणून सोडले. दुसरा खरेदीदार बाजारात आला की पहिल्याची नीतिमत्ता कशी सुधारते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

निवृत्तिवेतनाचा हिशेब मात्र आणखी वीस वर्षे रेंगाळला. टोरोंटोचा बचावपटू कार्ल ब्रुअर याने १९६५मध्ये सत्ताविशीच्या उंबरठ्यावर असताना लीगमधून अकाली निवृत्ती घेतली होती, आणि हौशी खेळाडू म्हणून देशासाठी खेळण्याची मोकळीक मिळविण्यासाठी त्याला झगडावे लागले होते. हाच ब्रुअर पुढे गॉर्डी हाउ, बॉबी हल आदी निवृत्त खेळाडूंसह निधीच्या शिलकेसाठी न्यायालयात गेला. १९९२मध्ये ऑन्टॅरिओच्या न्यायालयाने खेळाडूंच्या बाजूने निकाल दिला आणि १९९४मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने मालकांना अपिलाची परवानगी नाकारली. शिल्लक खेळाडूंचीच होती हे सिद्ध झाले. सॉचुकला जाऊन तोवर चोवीस वर्षे झाली होती.

१९९६मध्ये लीग आणि नव्याने उभी राहिलेली खेळाडूंची संघटना यांनी मिळून मानसिक विकार आणि व्यसने यांवर साहाय्य करणारी योजना आखली. २०२१च्या शरद ऋतूत माँट्रियलचा नामवंत गोलरक्षक केअरी प्राइस या योजनेखाली महिनाभर उपचारांसाठी संघापासून दूर राहिला. संघाने त्याला जाहीर पाठिंबा दिला. त्याचा करार आणि वेतन यांना धक्का लागला नाही. व्यवसाय तोच, जागा तीच, लीगही तीच. मधल्या चौसष्ट वर्षांत गोलरक्षकांची मने अधिक बळकट झाली असे मानण्यास आधार नाही. बदलल्या त्या करारातील अटी, आणि अटी बदलल्या म्हणून समाजाची भाषाही बदलली.

या चरित्राकडे निव्वळ एका दुर्दैवी खेळाडूची शोकान्तिका म्हणून पाहिले तर त्यातून हळहळ तेवढी निष्पन्न होईल. खरा प्रश्न थांबण्याच्या हक्काचा आहे. ज्याला आज थांबून उद्या परत येता येते, ज्याच्या संसाराची तरतूद झालेली असते, तो अकाली थांबला तरी त्याची निवड स्वतंत्र असते. ज्याला यांपैकी काहीच नसते त्याला सत्ताविसाव्या वर्षी थांबू दिले जात नाही आणि चाळिसाव्या वर्षी थांबणे परवडत नाही. सॉचुकच्या आयुष्यात या दोन्ही अवस्था एकापाठोपाठ आल्या. आजही एखादा तारांकित खेळाडू ऐन भरात निवृत्तीची भाषा करू लागला, की टाळ्या वाजविणारे हात क्षणात बोटे मोडू लागतात. अशा वेळी त्याच्या धैर्याचे मोजमाप करण्याआधी त्याच्या कराराच्या अटी, त्याच्या दुखापतींची यादी आणि त्याच्या उतारवयाची तरतूद एवढ्या तीन गोष्टी पाहावयास हव्यात. शिक्षकाच्या दीर्घ रजेचा किंवा कारकुनाच्या स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज हाती आला असताही याच क्रमाने विचार करण्याची सवय आपण लावून घेतली, तर आपल्या कचेऱ्यांत आणि शाळांत मुकाट्याने खचत जाणाऱ्या कित्येकांना वेळेवर विसावा मिळू शकेल.